हात बरा होईपर्यंत

वेर्दियानाचं नाव निघालं की आमच्या कोल्ले गावातली म्हातारी माणसं हसतात आणि पाद्री विषय बदलतात. मी म्हातारी आहे, तेव्हा मीही हसते. पण तिच्याबद्दल सांगायला बसले की हसू फार वेळ टिकत नाही.

माझं नाव चेलिया. डोंगरावरच्या वरच्या गावात सरदार आणि वकील राहतात, आणि खाली एल्सा नदीच्या पाटांवर आम्ही कागदवाले. माझं घर आणि वेर्दियानाचं घर एकाच भिंतीला टेकलेलं. ती भिंत अशी की तिनं कांदा चिरला तर डोळे माझे चुरचुरायचे. एकाच वर्षी आम्ही दोघी लग्न होऊन त्या गल्लीत आलो आणि एकाच गिरणीच्या माळ्यावर कामाला लागलो. काम एकच, ओले कागद दोरीवर वाळत घालायचे. ओला कागद म्हणजे दुधावरची साय. नख लागलं तरी फाटतो. आम्ही बाकीच्या बायका जीव मुठीत धरून एकेक ताव उचलायचो. वेर्दियाना चार-चार ताव एकदम फळीवर झेलायची आणि बोलत बोलत दोरीवर सोडायची. एक ताव कधी फाटला नाही.

हात जितका हलका, तितकी जीभ धारदार. एकदा मालक माळ्यावर आले आणि म्हणाले, "हळू बोला गं, तुमच्या बडबडीनं कागद हलतात."

"मालक," ही म्हणाली, "आम्ही सकाळपासून बोलतोय, कागद जागचे हलले नाहीत. तुम्ही आलात, ढेकर दिलीत, आणि बघा."

मालक खाली गेले ते आठ दिवस वर आले नाहीत.

तिचा नवरा लापो आणि बिंदो ही खालच्या हौदावरची जोडी. बिंदो साचा चिंध्यांच्या लगद्यात बुडवून ताव उचलायचा, लापो तो लोकरीच्या कापडावर उलटायचा. दिवसभरात हजार वेळा. असं काम करणारी दोन माणसं हळूहळू एकमेकांशी बोलायचीच बंद होतात, कारण बोलायची गरज उरत नाही. बिंदो कासेंतिनोच्या डोंगरातून आलेला, उंच, संथ, अंगानं घोड्यासारखा आणि स्वभावानं गाईसारखा. नात्यागोत्याचं कुणी नाही. सणाच्या दिवशी कुठं जेवायचं हेसुद्धा त्याला ठरवावं लागायचं.

म्हणून जेव्हा वेर्दियानाला मुलगा झाला, तेव्हा ती बाळंतिणीच्या खाटेवरून नवऱ्याला म्हणाली, "धर्मपिता बिंदोलाच करू या. त्याला या गावात कुणी नाही. आपण नातं देऊ."

हे ती म्हणाली. मी तिथंच होते, रस्सा ढवळत. पुढं कितीदा तरी ती मला म्हणाली, "चेलिया, तू तो पळा माझ्या डोक्यात का नाही हाणलास?"

बाळंतीण काही देवळात जात नाही. लापो आणि बिंदो पोराला घेऊन गेले, सेर आन्सेल्मो पाद्रींनी पाणी घातलं, पोराचं नाव नेल्लो ठेवलं. परत आल्यावर बिंदोनं ते गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. "घे, कोमारे," तो म्हणाला. आमच्याकडे ज्यानं पोराला पाण्यावर धरलं, तो पोराच्या आईला कोमारे म्हणतो. देवाच्या घरची बहीण. हसत हसत जोडलेलं नातं, पण धर्माच्या लेखी ते रक्ताइतकं घट्ट. ज्याला कोमारे म्हटलं तिच्याशी लग्न म्हणजे सख्ख्या बहिणीशी लग्न. त्या दिवशी हे कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

चार वर्षांनी मोठी मरी आली.

लापो तीन दिवसांत गेला. आठव्या दिवशी नेल्लो. माझ्याही घरातली दोन गेली, पण ती गोष्ट वेगळी. तेव्हा कुणी कुणाच्या दाराशी जात नव्हतं. आई मुलाला शिवत नव्हती, पाद्री मरणाऱ्याला शिवत नव्हते. बिंदो गिरणीतून एक फळी घेऊन आला, लापोला फळीवर ठेवलं, एकट्यानं ओढत स्मशानात नेलं. नेल्लोला मात्र फळी लागली नाही. त्याला त्यानं कडेवर नेलं, झोपलेल्या पोराला नेतात तसं. वेर्दियाना मागून चालत होती. मी खिडकीतून पाहिलं. खाली उतरले नाही.

त्यानंतर दर शनिवारी तिच्या दारात सरपणाचा भारा यायचा. बिंदो भारा ठेवायचा आणि उंबऱ्याबाहेरच्या दगडावर बसायचा.

"आत ये, रस्सा गरम आहे," ती आतून म्हणायची.

"इथंच बरं, कोमारे."

वाडगा बाहेर यायचा, रिकामा होऊन आत जायचा. अशी चार वर्षं. लोकांना बोलायला काही मिळेना, आणि लोकांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही.

एके दिवशी नदीवर कपडे धुताना ती मला म्हणाली, "चेलिया, काल माळ्यावर दोरी तुटली होती ना? बिंदो बांधायला आला होता."

"बरं मग?"

"त्यानं मला नावानं हाक मारली. कोमारे नाही म्हणाला. वेर्दियाना म्हणाला."

"मग?"

"मग काय. माझ्या हातातला ताव फाटला."

मी कपडा पिळायची थांबले. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं, की आता हिचं काही खरं नाही.

आमच्या गल्लीत चोरून प्रेम करणाऱ्या बायका नव्हत्या असं नाही. नावं घेत नाही. त्यातलं एक नाव मला फार जवळचं आहे. सगळ्यांची रीत एकच. अंधार, मागचं दार, आणि पकडलं गेलं की ऊर बडवून रडायचं. वेर्दियानानं भलतंच केलं. रविवारी प्रार्थना संपल्यावर ती बिंदोला घेऊन सरळ सेर आन्सेल्मोंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, आमचं लग्न लावा."

पाद्रीबाबांनी छातीवर क्रूस काढला. "अगं, याच हातांनी मी तुझ्या पोराला पाणी घातलं. यानं धरलं होतं त्याला!"

"पोर आता नाही, बाबा."

"पोर नाही. पण पाणी आहे."

"वरच्या गावातल्या दोघांची अशी लग्नं झालीत. आविन्योंहून पोपसाहेबांची परवानगी आली म्हणतात."

"ती मोठी माणसं आहेत, बाई. ती अर्ज करतात."

"अर्ज तर आमच्याच कागदावर करतात," ती म्हणाली आणि निघाली. बिंदो पाद्रीबाबांना मान लववून तिच्या मागं गेला. त्या सबंध भेटीत तो एक शब्द बोलला नव्हता.

बातमी तिच्या भावाकडे पोचली. भाऊ वान्नी, वरच्या वेशीजवळ घोड्यांची खोगिरं बनवायचा. मनानं दुष्ट नव्हता. पण बाप लवकर गेलेला, बहिणीची अब्रू म्हणजे आपली मालमत्ता अशी त्याची समजूत. तो आला तेव्हा मी चुलीपाशी होते. भिंतीला कान लावायची गरज पडली नाही.

"मी त्या तेलघाण्यावाल्या विधुराचं स्थळ आणलं, तू नाही म्हणालीस, मी गप्प बसलो. आता हे? भावाबरोबर झोपणार?"

"माझा भाऊ तू आहेस, वान्नी. मरीत माझ्या दारात कोण आलं होतं? तू?"

"विषय बदलू नकोस!"

"मी त्याच विषयावर आहे."

"मी त्याला जिवंत सोडणार नाही."

"मग तुझ्या बहिणीला दुसऱ्यांदा विधवा केलंस म्हणून सांग सगळ्यांना. लग्न लावून मग मार, म्हणजे शब्द खरा होईल."

दार आपटलं. माझ्या फळीवरचे दोन वाडगे खाली पडले.

नोव्हेंबरातला सान मार्तिनोचा सण झाला आणि दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, वान्नी आणि त्याचे दोन मित्र बिंदोला पाटाच्या काठावर गाठून बडवून गेले. बिंदोनं मनात आणलं असतं तर तिघांना पाटात बुडवलं असतं. त्यानं हात उचलला नाही. "तिचा भाऊ होता," एवढंच म्हणाला नंतर. पण वान्नीच्या हातात खोगीर ठोकायचा लाकडी हातोडा होता, आणि त्यानं बिंदोचं उजवं मनगट दगडावर ठेवून ठेचलं. साचा उचलणाऱ्या माणसाचं मनगट. वान्नीला नेमकं ठाऊक होतं काय मोडतोय ते.

बिंदो गिरणीतल्या चिंध्यांच्या कोठारात राहायचा. तिथंच तो पडून राहिला, आणि तिसऱ्या दिवशी तापानं बरळायला लागला. वेर्दियानाला माळ्यावर हे कळलं. तिनं हातातले ताव नीट दोरीवर घातले. मग खाली उतरली, चिंध्या वाहायची हातगाडी ओढून आणली, दोघा गड्यांकडून बिंदोला गाडीवर चढवून घेतलं आणि ती ओढत बाहेर पडली.

मागच्या वाटेनं गेली असती तर कुणाला दिसलं नसतं. ती चौकातून गेली. बाजाराचा दिवस होता.

कोबी विकणारी बाई पहिली ओरडली, "काय गं वेर्दियाना, चिंध्या घरी नेतेस?"

"नेते की. चांगल्या चिंध्यांशिवाय चांगला कागद होत नाही."

"भाऊ म्हणून नेतेस की नवरा म्हणून? सांग म्हणजे तसा आहेर आणू!"

"आधी जरा धक्का मार, मग सांगते."

लोक हसले. कुणी शिट्टी मारली. कुणीतरी सालं फेकली, ती बिंदोच्या पांघरुणावर पडली. विहिरीपाशी चढ आहे, तिथं गाडीचं चाक गटारीत अडकलं. ती ओढत होती, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, चाक हलेना. मी विहिरीवरच होते, घागर घेऊन, दहा पावलांवर. माझा नवरा नाद्दो समोर चांभाराकडे बसून माझ्याकडे बघत होता. मी घागर उचलली आणि दुसरीकडे तोंड केलं. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की मला पाणी गोड लागत नाही.

शेवटी म्हातारी बेर्ता आली. ही आमची सुईण, अर्ध्या गावाला तिनं जगात आणलेलं, कमरेत वाकलेली, कुणाला न जुमानणारी. तिनं काठी टाकली आणि गाडीला खांदा लावला. "बघताय काय मेल्यांनो," ती हसणाऱ्या पुरुषांना म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांना मी उघडं पाहिलंय. फार बघण्यासारखं नव्हतं." मग दोघे तरुण लाजून पुढं आले आणि चाक निघालं.

बेर्तानं मनगट बांधलं. वेर्दियानानं खाट चुलीजवळ ओढली. चौथ्या दिवशी ताप उतरला. आणि तोवर कुणीतरी वोल्तेर्राला, बिशपांकडे, कळवलं होतं, की कोल्लेतली एक विधवा आपल्या मुलाच्या धर्मपित्याला घरात घेऊन राहते आहे. नाताळच्या आधी बिशपांचे कारभारी आमच्या देवळाच्या पाहणीला येणारच होते. तिला बोलावणं आलं.

आदल्या दिवशी दुपारी बेर्ता तिच्याकडे आली. मीही तिथं होते; लाज गिळून रस्सा घेऊन गेले होते, आणि वेर्दियानानं तो घेऊन चुलीशी ठेवला होता.

बेर्ता खाली बसली, दार लावायला सांगितलं आणि म्हणाली, "ऐक. उद्या मी शपथेवर सांगते, की तुझं पोर जन्मलं तेव्हा काळंनिळं होतं. श्वास नव्हता. मी तिथल्या तिथं त्याला पाणी घातलं. सुईणीला तसा अधिकार आहे. मग देवळातलं पाणी हे नुसतं पाणी झालं. बिंदो धर्मपिता नव्हताच. नातं संपलं, लग्न लावा."

इतकं सोपं होतं ते! बिंदो खाटेवर उठून बसला.

"तो काळानिळा नव्हता," वेर्दियाना म्हणाली.

"ते तुला माहीत, मला माहीत."

"जन्मल्या जन्मल्या गल्लीभर ऐकू जाईल असा रडला होता. चेलियानं भिंतीपलीकडून ऐकलं होतं."

"अगं बये, पोर आता देवाजवळ आहे. त्याला काय फरक पडतो?"

"मला पडतो. त्याचं या जगात काय उरलंय, बेर्ता? कपडे जाळले. खेळणी जाळली. एक नाव आणि एक पाणी. ते खोटं होतं असं मी चार लोकांत म्हणू?" मग ती बिंदोकडे वळली. "तू म्हणशील का?"

बिंदोनं मान हलवली. "मी धरलं होतं त्याला," तो म्हणाला.

बेर्ता उठली, काठी घेतली. "दोघं एकमेकांना शोभता," ती चिडून म्हणाली. पण जाताना तिनं वेर्दियानाच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी देऊळ खचाखच भरलं होतं. कारभारी म्हणजे एक वाळका, दमलेला माणूस. खेचरावरून आलेला, सर्दीनं नाक लाल. शेजारी लिहिणारा बसला होता. एका बाजूला वान्नी उभा होता, नवा अंगरखा घालून. बिंदो बाकावर, हात गळ्यात बांधलेला.

"हा माणूस तुझ्या घरात राहतो?" कारभाऱ्यांनी विचारलं.

"राहतो, मेसेर. पंधरा दिवस झाले."

"हा तुझा कोण लागतो?"

"ते तुम्हीच ठरवलंय. भाऊ."

मागं हशा पिकला. कारभाऱ्यांनी नाक पुसलं. "हे नातं आत्म्याचं आहे. थट्टेचं नाही."

"मी थट्टा करत नाही, मेसेर. मला शिकवा. आत्म्याचं नातं मोठं की रक्ताचं?"

कारभारी सेर आन्सेल्मोंकडे बघायला लागले, पण उत्तर तर एकच होतं. "आत्म्याचं," ते म्हणाले. "नि:संशय."

"मग असं झालं, की माझ्या रक्ताच्या भावानं या माणसाचा हात ठेचला, आणि त्याहून मोठ्या नात्यातल्या बहिणीनं तो घरी नेऊन बांधला. आणि बोलावलंत तुम्ही मला. तो बघा, तो नव्या अंगरख्यात उभा आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. वान्नीचा चेहरा विटेसारखा लाल झाला. लिहिणाऱ्यानं लेखणी थांबवून कारभाऱ्यांकडे पाहिलं.

कारभारी पुढं झुकले. मूर्ख नव्हता तो माणूस. त्यांनी आवाज खाली आणला. "एक सांग. या माणसावर तुझं प्रेम आहे, ते बहिणीचं आहे का?"

आता नुसतं हो म्हटलं की सुटली. सगळं देऊळ त्या एका शब्दाची वाट बघत होतं. मी मनात म्हणत होते, म्हण गं, म्हण.

"नाही," वेर्दियाना म्हणाली. "मला याची बायको व्हायचं होतं. तुम्ही होऊ देत नाही. जेवढं होऊ देता, तेवढी होते."

बाहेर एक गाढव ओरडलं. मग कारभाऱ्यांनी बिंदोला विचारलं, तुझं काय म्हणणं. बिंदो उभा राहिला, घसा खाकरला. "ती बोलली ते," एवढं म्हणून खाली बसला.

निकाल तिथंच दिला गेला. लग्न होणार नाही. आजारी नातलगाची सेवा करणं हे पुण्य असल्यानं हात बरा होईपर्यंत बिंदोनं या घरात राहावं. खाटा वेगळ्या. दिवसा दार उघडं. पाप घडलंच, तर ईस्टरच्या आधी आपल्या पाद्रींना सांगून बाकीच्या ख्रिस्ती माणसांसारखं प्रायश्चित्त घ्यावं. आणि वान्नीनं, ज्यानं कामाचा हात मोडला, त्यानं बहिणीच्या घरी हिवाळाभर सरपण फोडून आणून टाकावं, स्वतःच्या हातानं.

त्यानंतर बिंदो त्या घरात एकतीस वर्षं राहिला. हात बरा झाला नाही.

म्हणजे कसा, ते सांगते. साचा त्या मनगटानं पुन्हा उचलता आला नाही, हे खरं. तो आम्हा बायकांत बसून चिंध्या निवडायचा आणि आमची थट्टा सोसायचा. पण मी भिंतीपलीकडची. दिवसा दार उघडं असायचंच. त्याच हातानं अक्रोड फोडताना मी त्याला पाहिलंय. पण कुणी नवे कारभारी आले की हात पुन्हा गळ्यात.

"हात कसा आहे?" ते कागद बघून विचारायचे.

"आहे तसाच, मेसेर," बिंदो म्हणायचा. खोटं कुठं होतं?

वान्नीनं पहिल्या हिवाळ्यात सरपण गल्लीच्या तोंडाशी फेकलं आणि पळाला. नंतर दारात टाकायला लागला. तिसऱ्या-चौथ्या वेळी फार बर्फ होतं, तेव्हा आतून आवाज आला, "रस्सा गरम आहे." वान्नी गेला नाही. पण पुढच्या हिवाळ्यात, शिक्षा संपलेली असताना, सरपण आलं. तो बहिणीशी अकरा वर्षं बोलला नाही, आणि अकराही वर्षं सरपण येत राहिलं. मग त्याची मुलगी तान्चा माळ्यावर कामाला लागली, आत्याच्या हाताखाली, आणि बोलणं सुरू झालं.

आणि ईस्टर. ईस्टरच्या आधी वेर्दियाना पाद्रीबाबांकडे जायची आणि जे सांगायचं ते सांगायची. सेर आन्सेल्मो दरवर्षी तेच प्रायश्चित्त द्यायचे: डोंगरावरच्या लहानशा देवळापर्यंत अनवाणी चढून जायचं. खडे, काटे, दीड तासाची चढण. ती ताठ मानेनं निघायची, सणाला निघाल्यासारखी. मागून बिंदो, तिचे जोडे हातात घेऊन. वर पोचली की तो गुडघ्यावर बसून तिचे पाय पुसायचा आणि जोडे घालायचा, कारण उतरण्याबद्दल पाद्रीबाबा काही बोलले नव्हते. पहिल्या वर्षी लोक टवाळीच्या टाळ्या पिटायला उभे राहिले होते. पाच-सात वर्षांत बायका दारात येऊन तिला पाण्याचा पेला द्यायला लागल्या. "चालली का?" त्या एकमेकींना विचारायच्या. "चालली. म्हणजे घरात सगळं ठीक आहे."

मूल झालं नाही. मी एकदा विचारलं, झालं असतं तर गं?

"तर धर्मपिता म्हणून नव्वदीचा म्हातारा शोधला असता," ती म्हणाली. "पुन्हा कशाला घोटाळा?" आणि मग उगाच चुलीतली लाकडं सारत बसली.

तिला हे सगळं हलकं गेलं असं कुणी समजू नये. देवळात ती विधवांच्या बाकावर, तो परक्या पुरुषांत. कुणाच्या लग्नात दोघांना मिळून बोलावणं नाही. गल्लीत नवी सून आली की ती आधी तोंड फिरवायची, तिला दुसऱ्यांनी समजावून सांगावं लागायचं. एकदाच ती माझ्याजवळ रडली. म्हणाली, "मला एकदा तरी त्याला सगळ्यांसमोर माझा नवरा म्हणायचं होतं. एकदाच. रागानं म्हटलं असतं तरी चाललं असतं." मला रोज म्हणता येत होतं, आणि मी कधी मनापासून म्हटलं नव्हतं.

बिंदो गेला तो फेब्रुवारी संपता संपता, छातीत कफ होऊन. लापो आणि नेल्लोच्या शेजारीच त्याला ठेवलं. नातलग म्हणून, धर्माप्रमाणे. वान्नीनं खांदा दिला. त्या ईस्टरला वेर्दियाना पाद्रीबाबांसमोर गुडघ्यावर बसली. सेर आन्सेल्मो तोवर ठार बहिरे झाले होते, त्यामुळे त्यांच्याशी बोललेलं रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जायचं. मी तिच्या मागंच होते.

"बोल, मुली," ते म्हणाले. सत्तरीला टेकलेल्या बाईला ते मुली म्हणत.

"यंदा सांगण्यासारखं काही नाही, बाबा."

"काय?"

"काही नाही!" ती मोठ्यानं म्हणाली. "काहीच नाही!"

म्हाताऱ्या पाद्रीबाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिला प्रायश्चित्त दिलं नाही. तिच्या हातावर आपला हात ठेवून तसेच बसले. मागं एवढी रांग, पण कुणी घाई केली नाही.

त्यानंतरही ती सहा वर्षं जगली. माळ्यावर यायची. डोळे गेले होते, पण बोटांना कागद दिसायचा. तान्चाला आणि दुसऱ्या पोरींना शिकवायची, शिव्या द्यायची, हसवायची. द्राक्षं काढायच्या दिवसांत एका सकाळी ती आली नाही. तान्चा बघायला गेली तर चुलीजवळच्या खाटेवर झोपेतच गेलेली.

तिला नेलं त्या दिवशी मालकाच्या मुलानं पाटाची फळी टाकून पाणी अडवलं आणि चिंध्या कुटणारे गिरणीचे हातोडे बंद केले. आमच्याकडे ते दिवसरात्र चालतात. तो ठोका इतका अंगवळणी पडलाय की तो ऐकू येतो हेच आम्ही विसरलो होतो. सगळी खालची वस्ती एकदम नि:शब्द झाली. तान्ही मुलं दचकून रडायला लागली, कुत्री दारातून बाहेर आली. वरच्या गावातल्या बायका तटावर येऊन विचारत होत्या, खाली काय झालं, कोण गेलं?

"वेर्दियाना गेली," मी खालून ओरडून सांगितलं. "बिंदोची वेर्दियाना."

पाद्री शेजारीच उभे होते, नवे, तरुण. त्यांनी ऐकलं. काही बोलले नाहीत.